तंबूचं अस्तर आणि माझी दुसरी हळद

बावीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या अंगाला पुन्हा एकदा हळद लागली, आणि त्याला कारण होतं जीपच्या टपावरच्या तंबूचं अस्तर.

आता तुम्ही विचाराल, जीपच्या टपावर तंबू कशाला? तेच तर आमचं सारं केनवड गाव विचारत होतं! मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे एक जुनी जीप आहे आणि पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेला तितकाच जुना तंबू. तो जीपच्या टपावर घट्ट बसतो. पट्टे सोडून ओढला की उघडतो, बाजूला शिडी लागते, आत गादी असते आणि दोन माणसं पाय पसरून झोपू शकतात. मी पहिल्यांदा तो दारासमोर उघडला तेव्हा रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून एकच प्रश्न विचारत होता, "सर, गाडीवर मचान कायले बांधलं? डुकरं राखाले का?"

डुकरं नाही हो! समुद्र! लग्नात मी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, समुद्र दाखवायचं कबूल करून बसलो होतो. तिनं जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातला आमचा तलाव. पण कधी बारसं आडवं आलं, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी ऐन सुट्टीत सोयाबीन भिजलं. मध्यंतरी पोरगी मोठी होऊन अकोल्याला नर्सिंग शिकायला गेलीसुद्धा, आणि समुद्र आहे तिथंच राहिला. सुनंदा भांडत नाही. ती फक्त दर दिवाळीला फराळाचा डबा माझ्यासमोर ठेवताना म्हणते, "खा. समुद्राचं पाहू पुढच्या जन्मी." असा लाडू घशाखाली उतरत नाही हो! म्हणून यंदा नाताळाच्या सुट्टीत तंबू घेऊन जायचंच, असं मी ठरवलं.

रंगीत तालीम म्हणून नोव्हेंबराच्या अखेरीस आम्ही तलावाच्या काठावर एक मुक्काम केला. पहाटे सुनंदानं मला कोपरानं ढोसलं.

"अहो, पानी गळून राह्यलं."

"या दिवसांत पाऊस नसतो," मी डोळे न उघडता सांगितलं.

"मंग माह्या कपायावर काय तुमचं इज्ञान गळून राह्यलं?"

एका अर्थानं ते विज्ञानच होतं. मी उठून बसलो आणि तिला नीट समजावून सांगितलं की, रात्रभर आपल्या श्वासातून वाफ निघते, ती तंबूच्या गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं आणि मग ते थेंब थेंब खाली पडतं.

"म्हणजे मी माह्याच श्वासानं ओली झाली?"

"थोडा माझाही आहे त्यात."

या वाक्यात चिडण्यासारखं काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण ती शिडीवरून उतरली ती थेट जीपमध्ये जाऊन बसली आणि घर येईपर्यंत शिंकण्याशिवाय काही बोलली नाही. आठ दिवस सर्दी. नवव्या दिवशी निकाल लागला.

"हे गळणं बंद करा. नाही तं मी काही समुद्रावर येत नाही. अन् तो तंबू वावरात नेऊन बांधा, डुकरं तरी भेतीन."

बावीस वर्षांत पहिल्यांदा समुद्र इतका जवळ आला होता आणि तो एका थेंबावर अडला!

मी इंटरनेट धुंडाळलं. जगभरातल्या तंबूवाल्यांना हेच दुखणं होतं आणि त्यावर इलाजही होता. तंबूच्या आतून, छताखाली, जाडसर कापडाचं एक दुसरं छत लावायचं, म्हणजे अस्तरच. ते ओल पिऊन घेतं, ऊबही देतं, आणि वेल्क्रोच्या पट्टीवर (पोरांच्या बुटाला असते ती, चर्रकन निघणारी) लावायचं म्हणजे काढून धुता येतं. मी आलेखाच्या कागदावर सेंटिमीटरमध्ये आकृती काढली, चार बाजूंना अ, ब, क, ड नावं दिली आणि गावातल्या शिंप्याकडे गेलो. त्यानं कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"बाह्या कुठी हायेत याच्या?" त्यानं विचारलं.

शेवटी मी गजाननभाऊंकडे गेलो. गजाननभाऊ म्हणजे आमच्या भागातले मंडप-डेकोरेशनवाले. छताचं कापड शिवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस रिसोडपर्यंत सापडायचा नाही. लग्नसराईचे दिवस होते तरी ते वेळ काढून आले. माझी आकृती त्यांनी चार घड्या करून खिशात टाकली (पुढं त्यात त्यांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा बांधलेला मी पाहिला) आणि स्वतःच्या हातानं माप घ्यायला सुरुवात केली.

"सर, हे पुढं टोपीवानी काय निंघालं?"

"ते ऊन अडवायला. बाहेरचा भाग आहे तो, त्याला अस्तर नको."

"असं कसं नको? अर्धं छत म्हणजे अर्धी मिशी काढल्यावानी दिसते. रंग?"

"साधा. एकदम फिका."

"समजलं."

माणूस 'समजलं' म्हणाला की आपण खातरजमा करावी, हे मी वर्गात रोज पोरांना सांगतो. स्वतः मात्र निर्धास्त घरी गेलो.

पुढच्या रविवारी सकाळी सुनंदा दळण घेऊन गिरणीवर गेली आणि इकडे गजाननभाऊ दोन माणसं आणि एक भलामोठा गठ्ठा घेऊन हजर झाले. गठ्ठा सोडला. गुलाबी आणि पिवळ्या चुण्या, मधोमध ताटाएवढं कापडी फूल, चारही कडांना सोनेरी झालर!

"गजाननभाऊ, अहो, हे काय?"

"फिक्काच हाय सर. गडद गुलाबी दाखवू का?"

तरीही खरं सांगतो, ते वर लावल्यावर मी हरखून गेलो. वेल्क्रो घट्ट बसली, कापड जाड होतं, चारही कोपरे जुळले. अडचण एवढीच झाली की पुढच्या टोपीसाठी म्हणून आणलेलं कापड टोपीपेक्षा चांगलं दहा फूट जास्त भरलं, कारण गजाननभाऊंच्या धंद्यात कापड कमी पडणं हे पाप समजतात! ते जास्तीचं कापड जीपच्या पुढं दारापर्यंत लोंबायला लागलं.

"मातीत लागून राह्यलं," म्हणत त्यांनी आपल्या गाडीतून दोन बांबू काढले, अंगणात रोवले आणि कापड त्यांच्यावर ताणलं. मग, "उरलेल्या तुकड्यातून तुमच्यासाठी फुकट बनोली सर," म्हणून एक कमान काढली. ती बांबूंच्या मध्ये लागली. मग त्यांच्या माणसानं सवयीनं आंब्याचा डहाळा आणून बांबूला बांधला. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत गजाननभाऊंनी जीपच्या बंपरवर नारळ फोडला.

"अहो, हे तंबूचं अस्तर आहे!"

"तुमच्यासाठी अस्तर असन. माह्या दुकानाचा कपडा बांबूवर चढला का त्याले नारय लागतेच. नाही फोडला तं माहे पुढचे पाच मांडव उडतीन. घ्या, खोबरं घ्या."

मी, विज्ञानाचा शिक्षक, विरोध म्हणून खोबऱ्याचा छोटा तुकडा घेतला.

इथं बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे दारात मांडव पडणं ही बातमी असते. पत्रिका मागाहून आली तरी चालते. बांबू, कापड, डहाळा आणि नारळ एवढं झालं की लग्न ठरलं. आणि आमचं घर आहे नेमकं एसटीच्या थांब्यासमोर! साडेनऊची गाडी थांबली तेव्हा एका बाजूच्या साऱ्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. मी खुशीत हात केला. (करायला नको होता.)

तिकडे गिरणीवर शेजारच्या कमलकाकूनं सुनंदाला गाठलं.

"एवढं घाईघाईनं काहून उरकोलं वं?"

"घरचं सरलं होतं ना काकू," सुनंदा म्हणाली. ती पिठाबद्दल बोलत होती.

"अन् आमाले सांगतलं बी नाही!"

दळायला जाताना शेजारणीला सांगायचं असतं, हे सुनंदाला नवीनच होतं. विचार करत ती घरी आली, दारात थांबली, डोक्यावरचा डबा खाली ठेवला आणि झालरीकडे, कमानीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली.

"कोणाचं लग्न हाय?"

"कोणाचं नाही. हे अस्तर आहे. आता थेंब पडणार नाही तुझ्या कपाळावर!"

ती काही बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. अकोल्याहून पोरगी.

"बाबा, माझं लग्न ठरलं का?"

"नाही गं!"

"मग होस्टेलवर तिघींनी माझं अभिनंदन का केलं? खरं सांगा. आणि कोणाशी?"

"कोणाशीच नाही! तंबूला अस्तर लावलं आहे."

"आईला फोन द्या," ती म्हणाली. सुनंदानं फोन घेतला, माझ्याकडे बघत 'हं, हं, जेवले, तापगीप काही नाही' असं बोलली आणि परत दिला.

दुपारपर्यंत मी बारा जणांना वाफेचं संघनन समजावून सांगितलं. बाराही जणांनी मान डोलावली आणि जाताना विचारलं, "बरं, हयद कधी?" मी गजाननभाऊंना सांगणार होतो, हे बाहेरचं काढा बुवा आधी. पण ते केव्हाच दुसऱ्या मांडवावर निघून गेले होते. आणि मी स्वतः काढायला हात घालणार, इतक्यात दारात एक भाड्याची जीप येऊन थांबली. तीतून माझी मोठीबाई उतरली.

मोठीबाई म्हणजे माझी थोरली बहीण. कामरगावला दिलेली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. लहानपणी तिनं मला कडेवर वागवलं आणि मी अजून खाली उतरलो नाही अशीच तिची समजूत आहे. तिच्या मागून तिचे यजमान, म्हणजे आमचे जवाई, त्यांच्या मागून तिच्या गल्लीतल्या चार बाया, आणि प्रत्येकीच्या हातात आहेराची पिशवी. साडेनऊच्या एसटीत कामरगावचा कोणीतरी होता, हे सांगायला नको.

"सख्ख्या बहिणीले सांगतलं नाही बापू तू!" मोठीबाईनं अंगणातच बसकण मारली. "पोरीचं लग्न, अन् मले एसटीतल्या मानसाच्या तोंडून कयते! काय चुकलं वं माय माहं?"

"बाई, लग्न नाही कोणाचं!"

"मांडव हाय अन् लग्न नाही?"

"मांडव नाही तो!"

मोठीबाईनं डहाळ्याकडे बोट दाखवलं. मग नारळाच्या करवंटीकडे. मग कमानीकडे. कमानीच्या आतल्या बाजूला, मी सकाळपासून न पाहिलेल्या जागी, सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. फुकट मिळालेली कमान होती ती, नवीन कशी असणार!

मी हात जोडले. पुन्हा श्वास, वाफ, गार कापड, थेंब. मोठीबाईनं सारं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सुनंदाच्या कपायावर थेंब पडला म्हणून तू मांडव टाकला."

"मांडव नाही, बाई. हे बघ, मांडव असा निघतो का?" आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. प्रयोग करून दाखवल्याशिवाय तो काही ऐकत नाही! मी शिडीवर चढलो, कडेची पट्टी धरली आणि साऱ्या अंगणासमोर अस्तर ओढलं.

चर्र्र्र्र!

सगळं छत एका दमात खाली आलं. बांबू आडवे, कमान जवायांच्या टोपीवर, डहाळा बघायला आलेल्या कमलकाकूच्या पुढ्यात.

"फाडला!" मोठीबाईनं गळा काढला. "हयद लागायच्या आधी मांडव फाडला! अव माय, माह्या भावाच्या घरावर काय येते आता!"

"फाटला नाही तो, बाई! तसाच निघतो. पुन्हा लागतो. हे बघ!" मी एक कोपरा लावला. चर्र. काढला. चर्र. प्रत्येक चर्रला चारी बाया कानावर हात ठेवत होत्या. मी आशेनं सुनंदाकडे पाहिलं. निदान ती तरी माझी बाजू घेईल, की बाई, हे म्हणतात ते बरोबर आहे, हे साधं कापड आहे.

सुनंदा आडव्या पडलेल्या बांबूकडे बघत होती. "बाई म्हणते ते करा," ती हळूच म्हणाली. "एवढा नारय फुटला, डहाया बांधला, अन् तसाच उतरोला. असा अपशकुन घेऊन मी काही समुद्रावर येत नाही."

संपलं! थेंब बंद केला तर अपशकुन उभा राहिला. बावीस वर्षांत समुद्र दुसऱ्यांदा जवळ येऊन पुन्हा मागं गेला, आणि मला खरोखर रडू यायला लागलं.

"काय करू मग मी? सांगा!" मी शिडीवरूनच ओरडलो.

उपाय मोठीबाईकडे तयार होता. मांडव पुन्हा चढवायचा, त्याखाली कुणाला तरी हळद लावायची, पंगत उठवायची आणि मग रीतसर मांडव परतवायचा. (लग्नानंतर मांडव उतरवण्याचा विधी असतो आमच्याकडे, त्याशिवाय मांडवाची काडी हलवत नाहीत.) प्रश्न एवढाच होता की हळद लावायची कुणाला? सगळ्यांना पोरगी आठवली. फोन लावला. पोरगी काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी ती म्हणाली, "आईबाबांनाच लावा ना!"

"हाव रे!" जवाई इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलले. "नवरा-नवरी तं घरातच हायेत!"

पुढचं फार वेगानं झालं. कमलकाकूनं हळद भिजवली. बायांनी गाणी काढली. मला बनियनवर पाटावर बसवलं आणि ज्या गावात मी वीस वर्षं अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत आलो, त्या गावानं मला रांगेनं हळद फासली. नववीतल्या तीन पोरांच्या आयांनी तर कानामागंसुद्धा! जवायांनी माझ्या डोक्यावर आहेराची टोपी ठेवली. सुनंदा शेजारच्या पाटावर बसली होती. तिचा चेहरा पिवळा झाला होता आणि ती, मला वाटलं होतं तशी वैतागलेली नव्हती, चक्क लाजत होती. "अशी तं तवाबी लागली नव्हती," ती पुटपुटली. मलाही बरं वाटलं, का खोटं बोलू?

वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी. साठ माणसं जेवून उठली. दिवस कलता कलता मांडव परतवला गेला आणि मोठीबाईनं स्वतःच्या हातानं, कुंकू वाहून, अस्तराची पट्टी ओढली. चर्र. यावेळी कुणी कानावर हात ठेवले नाहीत.

"झालं," मी सुटकेचा श्वास सोडला. "आता नाताळाला आम्ही दोघं समुद्रावर जातो."

"दोघं कसे?" मोठीबाई चहा बशीत ओतत म्हणाली. "हयद लागलेली नवरी पहिल्यांदा बाहेर निंघते तं पाठराखीण नको संगं?"

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीसोबत सोबतीला जाणारी बाई. मी म्हटलं, बाई, नवरी पंचेचाळीस वर्षांची आहे! नवरीनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी चहाबरोबर गिळलं. शिवाय मोठीबाईनंही समुद्र कधी पाहिलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बासष्ट वर्षांच्या बहिणीला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

दोन दिवस जीप हाणत, वाटेत एक मुक्काम धर्मशाळेत करत, आम्ही तिघं कोकणात पोचलो तेव्हा सूर्य कलायला आला होता. सुनंदा चप्पल हातात घेऊन वाळूतून चालत गेली आणि लाट पायावर आली तशी जागीच थांबली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती हसत होती.

"अव माय! एवढं पानी," ती म्हणाली, "अन् कोणाच्याच वावरात जात नाही!"

त्या एका वाक्यासाठी मी आणखी दहा वेळा हळद लावून घेतली असती. मोठीबाईनं समुद्राला हळदकुंकू वाहिलं. मग मी किनाऱ्याजवळ तंबू उघडला, गुलाबी अस्तर लावलं, शिडी लावली आणि सुनंदाला हात दिला. तिच्यामागून मोठीबाई चढली. नवरीला एकटं सोडायचं नसतं. तंबू दोन माणसांचा होता, दोन माणसं त्यात झोपली, आणि खालून वर शिडी मी स्वतःच सरकवून दिली, कारण मोठीबाईला कुत्र्यांचं भेव वाटत होतं.

मी जीपच्या पुढच्या सीटवर झोपलो. म्हणजे स्टेअरिंग बरगडीत, गिअर गुडघ्यात आणि पाय खिडकीबाहेर, याला झोप म्हणत असतील तर झोपलो.

सकाळी शिडी खाली आली. सुनंदा उतरली, कोरडी ठणठणीत, केस नीट, चेहरा ताजातवाना. मी मान एका बाजूला वाकडी धरून उभा होतो, ती सरळ व्हायला तयार नव्हती.

"एक थेंब पडला नाही," ती कौतुकानं म्हणाली. "असा तंबू हाय का कोणापाशी! तुमीबी एखांद्या दिवशी वर झोपून पाहा नं."